आधी नवरा

नाचणीची पेज पळी हलती असेपर्यंतच शहाणी असते. पाठ वळली की गुठळ्या. म्हणून मी चुलीपुढून हलत नव्हते. तुमाईनीचा एक मोजा सापडत नव्हता, धाकट्याला पेज नको होती, कालची उरलेली गोड, तळलेली मांदाझी हवी होती, आणि फेस्टो, म्हणजे माझा नवरा, मागच्या अंगणात दात घासत होता. तेवढ्यात दारावर थाप पडली.

आमच्या न्यामबुलेत दारावर कुणी थाप मारत नाही. माणूस बाहेरून 'होडी', म्हणजे 'आत येऊ का', अशी हाक देतो आणि आतून 'या' ऐकू येईपर्यंत उन्हात उभा राहतो. थाप मारतात ते पोलीस, नाहीतर ज्यांना तोंड उघडता येत नाही ते.

दारात मिलेंबे होती. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. तिनं एक बोट वर करून मला थांबवलं, काखेतला दूध-पावडरचा जुना डबा काढला, त्यात लांबलचक थुंकली, पदराच्या कापडानं ओठ पुसले आणि मग रीतसर म्हणाली, "होडी."

"ये ना आत."

"आत नको. डबा भरलाय." ती तशीच उभी राहिली. "तुमाईनीच्या आई, एक गोष्ट मागायला आलेय. तुमचा नवरा द्या. दुपारपर्यंत आणून सोडते."

मागच्या अंगणातला ब्रश थांबला.

"मला कुणी विचारणार आहे की नाही?" फेस भरल्या तोंडानं फेस्टो तिकडून ओरडला.

"मास्तर, तुम्हाला काय विचारायचं? वस्तू मागताना मालकिणीला विचारतात!" मिलेंबे म्हणाली, हसली, आणि हसता हसता पुन्हा डब्यात वाकली.

खरं सांगते, मला किळस आली. तिच्या मागणीची नंतर, आधी त्या डब्याची. दिवस राहून सहा महिने झाले तरी तिची लाळ थांबली नव्हती. काहींना ती पहिल्या तीन महिन्यांत सुटते आणि उलट्यांबरोबर जाते. हिची उलटी गेली, लाळ राहिली. त्यात अंगाला दागाचा वास. दागा म्हणजे सरोवरातली बोटाच्या पेराएवढी चंदेरी मासळी. ती वाळूवर सुकवायची, हाच मिलेंबेचा धंदा. हा वास धुऊन जात नाही. केसांत, नखांत, गाठोड्यात, सगळीकडे मुरतो.

ही बाई मूळची किनाऱ्यावरची नाही. आतल्या, कापसाच्या मुलखातली. सतराव्या वर्षी लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला मासा साफही करता येत नव्हता. पाच वर्षांत अख्ख्या किनाऱ्यावर तिच्यासारखं नाक कुणाचं उरलं नाही. मूठभर दागा उचलायची, नाकाशी धरायची, आणि सांगायची, हा परवाचा, हा कालचा पण रात्री दव पडलंय, हा ट्रकमध्ये चढवू नका, दोन दिवसांत बुरसटेल. बाहेरदेशी माल नेणारे व्यापारी आधी तिला शोधत. "मिलेंबे हो म्हणाली का?" असं विचारत आणि मग पोती शिवत.

यंदा गर्भ राहिला आणि नेमकं तेच नाक तिच्यावर उलटलं. पहाटे होड्या काठाला लागायच्या, ओली मासळी वाळूवर पसरायची आणि ही चार पावलं बाजूला जाऊन ओकायची. यायची, पसरायची, पुन्हा ओकायची. कावळे आणि टकले करकोचे दोन्हीकडे टपून बसलेले. मी एकदा तिथून भाजीला जाताना पाहिलं आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ती मात्र तोंड धुऊन म्हणाली, "बघा ना, करकोच्यांना आज दोन ताटं."

तिला मी सांगत असे. रिकाम्या पोटी किनाऱ्यावर जाऊ नको. उठल्याबरोबर कोरडं रताळं खा, थोडं थोडं सहा वेळा खा, भरपूर पाणी पी. ते ती ऐकायची. चौथ्या महिन्यात ती माती खायला लागली. बाजारात पांढऱ्या-तांबड्या मातीचे खडे मिळतात, पेंबा म्हणतात त्यांना. गरोदर बायका ते पिशवीतून काढून कुडुमकुडुम चावत बसतात. त्या आवाजानं माझ्या दातांना कळ येते.

"अगं, ती माती तुझ्या अंगातलं रक्त खाते. जंत होतील. माठाची भाजी खा, घेवडा खा."

"ताई, पहिला पाऊस पडल्यावर जसा वास येतो ना, तसा येतो तिचा. एवढा एक वास आहे ज्यानं पोट ढवळत नाही. हा पण काढून घेता?"

मग तिनं आपण होऊन दिवसाला एक खडा ठरवला. एकच खाते की नाही, ते तिला माहीत.

आमच्याकडे बाईला पहिल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. मला माझ्या नावानं हाक मारणारं या गावात फेस्टोखेरीज कुणी नाही. मी तुमाईनीची आई. मिलेंबेला मात्र बत्तिसाव्या वर्षीही सगळे नुसतं मिलेंबे म्हणतात. दोनदा तिचं नाव बदलता बदलता राहिलं.

पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात पाय सुजले. सासू म्हणाली, पाय जड झाले म्हणजे मुलगा. शेजारणी म्हणाल्या, मुलगा. तिनं सुजल्या पायांनी आणखी तीन आठवडे मासळी पसरली. मग एक दिवस पोटातलं हलायचं थांबलं. मुलगाच होता. दुसऱ्या खेपेला सातव्यातच हात सुजले, तोंड सुजलं, डोकं ठणकायला लागलं. तिच्याच शब्दांत सांगते. "भर दुपारी घरात बसले होते तरी डोळ्यांपुढे दागा चमकत होता. हजारो. हात फिरवला तरी जाईना." नंतर झटके आले. तिला काही आठवत नाही. दोन दिवसांनी शुद्ध आली तेव्हा पोट रिकामं होतं आणि सासू दारात कुणाच्या तरी नजरेच्या नावानं बोटं मोडत होती. दवाखान्यात का नेलं नाही, तर नवरा मागोके होडीवर होता आणि त्याच्या परवानगीशिवाय कोण नेणार!

बाई शुद्धीवर नाही, आणि घरातली तीन मोठी माणसं परवानगीची वाट बघत बसली.

या खेपेला दुसरा महिना लागताच मागोके मासळीच्या मागं लांबच्या बेटांवर गेला. तिथं त्याची दुसरी चूल आहे म्हणतात. फोन बंद. मिलेंबे रडली नाही. म्हणाली, "बरं झालं. त्याच्या अंगाचा वास मला ओल्या दागापेक्षा वाईट येत होता."

पण तपासणीसाठी तिला नवरा हवा होता. गावच्या दवाखान्यात गरोदर बायकांच्या खोलीवर तीन वर्षांपूर्वी निळ्या रंगात पाटी लागली: 'आधी नवरा.' दोनच शब्द. तेव्हापासून पहिल्या तपासणीला बाई नवऱ्याला घेऊन येते, आणि नसेल तर परत जाते. ज्यांचे नवरे होडीवर, खाणीत, शहरात, नाहीतर कुठेच नाहीत, त्या काय करतात हे मला त्या सकाळी कळलं.

"भाड्यानं आणतात," मिलेंबे म्हणाली. "मी पण आणला होता गेल्या आठवड्यात. सोस्पेटर, तो मोटारसायकलवाला. अर्धी बादली सुका दागा दिला त्याला, चांगला, निवडलेला. बाकावर बसलो, आमचा नंबर आला. सिस्टरनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, 'अभिनंदन सोस्पेटर! या महिन्यात ही तुझी तिसरी. दम लागला असेल, पाणी पितोस का?' सगळा बाक हसला. आणि तो मेला, तुमाईनीच्या आई, तो पण हसला! हात जोडून म्हणाला, 'देवाची कृपा, सिस्टर.'"

"मग?"

"मग काय. मला बाहेर काढलं. त्याला नाही. बाकावर अजून एकीला नवरा नव्हता, तो तिचा झाला."

तिनं त्याची नक्कल इतकी हुबेहूब केली की मला हसू फुटलं, आणि हसू ओसरल्याबरोबर शिसारी आली. पोटुशी बाई निवडलेली मासळी देऊन नवरा आणते, तो तासाभरात दुसरीचा होतो, आणि भरला बाक खिदळतो!

"म्हणून मास्तर हवेत," ती म्हणाली. "ते आजवर कुणाचे झालेले नाहीत. सिस्टर ओळखणार नाही."

"अख्खं गाव ओळखतं त्यांना. तिची मुलगी त्यांच्या वर्गात आहे."

मिलेंबेचा चेहरा पडला. तेव्हा मला तो नीट दिसला. पापण्या फुगलेल्या, गाल चकाकणारे. मी तिला ओट्यावर बसवलं आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. पिठाच्या गोळ्यात राहतो तसा.

"हे कधीपासून?"

"परवापासून. सकाळी अंगठीही निघेना."

"डोकं?"

"दुखतं."

पुढचं मी विचारायच्या आधी तिनंच सांगितलं, डब्याकडं बघत.

"काल दुपारी दागा चमकला. थोडा. मग गेला."

मी पेज चुलीवरून उतरवली. फेस्टो तोंड पुसत आत आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "मी येतो," तो म्हणाला. "नवरा म्हणून नाही. माणूस म्हणून चालेल का बघू."

"पोरांना शाळेत सोडा," मी म्हटलं. "आज नवरा नकोच."

दवाखान्यात बाक भरला होता. बायका पोटावर हात ठेवून, नवरे मोबाइलवर मान खाली घालून. कुठला खरा आणि कुठला भाड्याचा, ते बायकांच्या बसण्यावरून कळत होतं. भाड्याच्या नवऱ्यापासून बाई वीतभर लांब बसते. कोपऱ्यात फिनेलचा, लघवीच्या बाटल्यांचा आणि घामाचा वास कोंडला होता. मिलेंबेनं नाक दाबलं. एक बाई नाक मुरडून दुसरीला म्हणाली, "किनारा चालत आला बघ." मिलेंबे तिला म्हणाली, "हो बाई, आणि तुझ्या घरी तो रोज मक्याच्या उगालीबरोबर ताटात येतो."

सिस्टर जेनेरोझा दारात आली. तिनं आधी मिलेंबेकडं, मग माझ्याकडं पाहिलं.

"पुन्हा तू? आज नवरा कुठंय?"

"आज ह्या आल्यात."

"ह्या नवरा आहेत?"

"सिस्टर," मी म्हटलं, "हिच्या पायाला खळगा पडतोय, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं चमकतंय. दोन मुलं गेलीत. दाब हिचा मोजायचाय, नवऱ्याचा नाही."

"मी नियम नाही केला, तुमाईनीच्या आई. वाचता येतं ना तुम्हाला? शिकलेल्या आहात. दारावर काय लिहिलंय?"

"आधी नवरा."

"झालं तर मग."

"ज्याच्यावरून ही पाटी लिहिली तो कागद दाखवा."

ती चिडली. पण कागद तिच्याकडं होता, आणि आपलंच खरं असल्याची तिला खात्री होती. फाईल काढून तिनं माझ्यापुढं आदळली. वरून आलेलं एक पान. मी मोठ्यानं वाचलं. बाकावरचे मोबाइल खाली आले. त्यात लिहिलं होतं, गरोदर स्त्रीबरोबर तिचा नवरा आला असेल तर त्या जोडप्याला रांगेत आधी घ्यावं, म्हणजे नवऱ्यांना येण्याची गोडी लागेल. एकट्या आलेल्या स्त्रीलाही नेहमीप्रमाणे तपासावं, तिला परत पाठवू नये.

सिस्टरनं कागद माझ्या हातातून घेतला. स्वतः वाचला. पुन्हा वाचला.

"पाटी रंगवणाऱ्याकडं रंग कमी होता म्हणे," ती हळूच म्हणाली. "तो म्हणाला, एवढं मोठं नाही बसणार. दोन शब्दांत सांगा. तेव्हा मोठ्या सिस्टर होत्या, त्यांनी सांगितलं."

"आणि तुम्ही?"

"मी बदलून आले तेव्हा पाटी होतीच."

तीन वर्षं! रंग कमी पडला म्हणून तीन वर्षं बायका या दारातून परत गेल्या, दागाच्या बादल्या आणि कोंबड्या देऊन पुरुष आणत राहिल्या, आणि फाईल हातभर अंतरावर होती. ज्या नवरा मिळाला नाही म्हणून आल्याच नाहीत, त्यांचं काय झालं ते कुणी विचारलंही नसेल. बाकावरचा एक भाड्याचा नवरा उठून हळूच निघाला, तर त्याची त्या दिवसाची बायको ओरडली, "ए, माझी कोंबडी परत दे आधी!"

कुणी हसलं नाही.

सिस्टरनं मिलेंबेला आत घेतलं. मीही गेले, आणि या वेळी तिनं अडवलं नाही. दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, काटा बघितला, पुन्हा दाबला. मग तिचा आवाजच बदलला. बाटलीतल्या लघवीत पट्टी बुडवली, ती हिरवी झाली.

"दाब फार आहे. लघवीतून प्रथिनं जातायत," ती मला म्हणाली.

"मला सांगा," मिलेंबे म्हणाली. "अंग माझं आहे."

सिस्टर खाली बसली, स्टुलावर, तिच्या डोळ्यांना डोळे भिडतील एवढी. आणि मग नीट बोलली, हे मी मान्य करते. ही सूज मुलाची नाही, मुलीची नाही, नजरेची नाही. हा गरोदरपणातला आजार आहे, पाचव्या महिन्यानंतर कधीही होतो, आणि आईला झटके येईपर्यंत थांबायचं नसतं. ज्यांना आधी झाला त्यांनी तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच नाव घालायला हवं, म्हणजे बारीकशी गोळी लवकर सुरू करता येते. ते राहिलं. आता आज दाबाची गोळी, आणि आजच जिल्ह्याच्या दवाखान्यात. तिथं रोज दाब मोजतील, बाळाचे ठोके ऐकतील, आणि गरज पडली तर दिवस भरायच्या आधी सोडवतील. रक्तवाढीच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, मच्छरदाणी, हे सगळं तिला सहा महिन्यांचं एकदम मिळालं, थकीत शिध्यासारखं.

"आणि माती?" सिस्टरनं तिच्या दातांकडं बघत विचारलं.

"रोज एक खडा."

"आजपासून तोही नाही."

"सिस्टर, तुम्ही पण रोज थोडी थोडी खाल्लीच ना, इथं आल्यापासून," मिलेंबे म्हणाली.

सिस्टर चिठ्ठी लिहीत राहिली. मग तिनं शिंगासारखं लाकडी नळकांडं मिलेंबेच्या पोटावर टेकवलं, कान लावला, आणि मला बोटानं जवळ बोलावलं. मी ऐकलं. फार जलद, फार लांबून. मिलेंबे आमच्या दोघींच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती.

"आहे," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि डबा मागितला.

गाडी दुपारी येणार होती. आम्ही बाहेर, दवाखान्यामागच्या आंब्याखाली बसलो. आत कुणीतरी ओल्या फडक्यानं पाटी पुसत होतं, पण रंग तेलाचा होता, निघत नव्हता. शाळेच्या मधल्या सुट्टीत फेस्टोनं धाकट्याबरोबर पेजेचं भांडं पाठवलं. तिनं चार घोट घेतले, पोटात राहिले. मी तिला सांगत होते, डाव्या कुशीवर झोप, डोकं दुखलं की लगेच सांग, लाज धरू नको, कपडे मी धुऊन पाठवीन. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. सुजलेल्या बोटांनी कागदाची चिठ्ठी दुमडत होती.

"सासूला कळलं की ती येईल तिथं," ती म्हणाली. "रडत येईल. घरी नेऊ म्हणेल, मुळी उगाळून देते म्हणेल. मी जागी असले तर बघून घेईन तिला. ती मला भिते."

"बरं मग."

"पण जागी नसले तर? झटका आला तर मला बोलता येत नाही. मागच्या वेळी सगळे माझ्या उशाशी बसून नवऱ्याला शोधत होते."

तिनं डबा बाजूला ठेवला आणि माझा हात धरला. तिच्या हाताला दागाचा वास होता. तो माझ्या हाताला लागला, आणि मी हात काढून घेतला नाही.

"तुमाईनीच्या आई, कागदावर नवऱ्याच्या जागी तुमचं नाव घाला. मला बोलता आलं नाही तर तुम्ही सांगा, हिला आत घ्या."